बोक्याचे दोन टिपके

गच्चीवरच्या नायलॉनच्या जाळीत एक भटका बोका अडकला होता. मी शिवणाच्या कात्रीने जाळी कापत असताना त्याने माझ्या उजव्या तर्जनीच्या बुडाशी दात रोवले आणि तो पसार झाला. जखम म्हणजे मोहरीएवढे दोन टिपके. नळाखाली हात धरला, जाऊबाईंनी हळद दाबली आणि जवळच्या एका दवाखान्यात मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. ‘मांजरच ना, काही होत नाही,’ हे ऐकून निर्धास्त झाले. रेबीजचं नावही तिथे कुणी काढलं नाही, याचा मला अजून राग येतो.

पहाटे तीनला बोट ठसठसून जाग आली. सकाळपर्यंत ते वेलची केळ्यासारखं टम्म झालं होतं आणि तसंच किंचित वाकलेलं. मग थेट सरकारी रुग्णालय गाठलं. डॉक्टरबाईंनी बोटाचं टोक धरून हळूच सरळ करायचा प्रयत्न केला, तशी तळव्यापर्यंत अशी कळ गेली की मी ओरडलेच. त्यांनी लगेच सांगितलं, टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणात पू होतोय, आज ऑपरेशन करायचं.

मी शिवणकाम करते, त्यामुळे मला ते चटकन कळलं. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते, तसा टेंडन त्या आवरणातून सरकतो. कुत्रा लचका तोडतो, त्याची जखम बहुतेक वेळा उघडी राहते. मांजराचे दात सुईसारखे, ते पार नेफ्यात शिरतात. वरचं भोक मिटतं आणि तोंडातला पाश्चुरेला नावाचा जंतू आत कोंडतो.

आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात धुतला. हे मी आदल्या संध्याकाळी घरीच करायला हवं होतं. दोन्ही दंडांवर कातडीत रेबीजची लस टोचली, अगदी थोडी, मसुरीएवढा फुगवटा येईल इतकीच. त्यानंतर सिरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं. लशीने शरीरात ताकद तयार व्हायला काही दिवस लागतात, तोवर विषाणूला जखमेतच अडवायचं काम सिरमचं. म्हणून ते दंडात नाही, त्याच दोन टिपक्यांत आणि भोवती टोचतात. बोटात जागा ती किती! कातडी पांढरी पडायला लागली तशी डॉक्टरबाई थांबल्या. जास्त भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो म्हणाल्या. त्या दोन मिनिटांत मी सिस्टरचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर तिची माफी मागितली.

ऑपरेशनमध्ये हात बधिर करून आवरण सलाईनने धुतलं. जखम शिवली नाही, मुद्दाम उघडी ठेवली.

शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. भांडणात ठोसा मारताना समोरच्याचा दात त्याच्या बोटाच्या मुळाशी, सांध्यावर लागला होता. ‘खरचटलं’ म्हणून चार दिवस घरीच काढले. डॉक्टरबाईंनी त्याला मूठ वळायला लावली, तेव्हा आतली जखम दिसली. बोट सरळ असताना फाटलेला भाग कातडीखाली सरकून लपतो. माणसाच्या तोंडातले जंतूही काही कमी नसतात, आणि त्याच्या तर सांध्यातच पू झाला होता.

मला शिरेतून प्रतिजैविकं चालू होती. बोका काही सापडला नाही, नाहीतर रेबीजची लक्षणं दिसतात का ते पाहायला दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवता आलं असतं. मी तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचे लशीचे डोस एकही न चुकवता घेतले.

खरी कसोटी फिजिओथेरपीची. दर दोन तासांनी बोट पेरापेराने वाकवायचं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सध्या मूठ वळली की तर्जनीचं टोक आणि तळवा यांत शेंगदाण्याएवढं अंतर उरतं. मशीन चालवते आहे, काजं मात्र अजून जाऊबाईंकडूनच करून घेते.