मुलांची वाढ मोजायला कोणता चार्ट घ्यायचा? माझा अनुभव

मागच्या वर्षी बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या मुलांच्या आरोग्य तपासणीत आहाराचं काम माझ्याकडे होतं. वजन-उंची घेऊन झाली आणि मग प्रश्न आला की हे आकडे बसवायचे कोणत्या चार्टवर, डब्ल्यूएचओच्या की आपल्या भारतीय. सोबतच्या सिनियर मॅडम म्हणाल्या, "डब्ल्यूएचओचा नको गं, त्यावर आपली सगळीच पोरं कुपोषित दिसतात, आपली मुलं मुळात अंगानं लहानच." मला तेव्हा ते पटलं होतं, तरी घरी येऊन वाचायला घेतलं.

तर २००६ चे डब्ल्यूएचओचे चार्ट, म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांचे, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांवरून केलेत, आपली मुलं त्यात दक्षिण दिल्लीतली, चांगल्या परिस्थितीतल्या घरांतली, आईच्या दुधावर वाढलेली. पहिल्या दोन वर्षांत मुलांच्या लांबीत जो फरक दिसला त्यातला देशामुळे पडलेला फक्त ३ टक्के आणि एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला ७० टक्के! हे वाचल्यावर मॅडमचं म्हणणं मला मान्य करता येईना. आपली मुलं लहानच म्हणून चार्टवरची कुपोषणाची रेघ खाली आणली तर ज्याला पोटभर मिळत नाही ते मूल नॉर्मलमध्ये जाऊन बसणार आणि त्याच्याकडे कुणी बघणारच नाही. पाच वर्षांखाली डब्ल्यूएचओ, हे माझं तिथंच ठरलं.

पण चार्ट बरोबर असूनही चूक होतेच. एका मुलीचं वजन ११.८ किलो, रजिस्टरला वय ४ वर्षं, म्हणजे कमी वजनाची, कारण त्या वयाला मुलींची खालची रेघ १२.३ किलो आहे. तिच्या आईला निरोप गेला, ती बिचारी घाबरून आली. मी जन्मतारीख विचारली तर पोरगी ३ वर्षं २ महिन्यांची, आई म्हणाली, "ताई, मी चौथं लागलंय म्हणाले होते." त्या वयाला रेघ ११.१ ची, म्हणजे मुलगी रेघेच्या वर. त्या आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून मी सगळ्यांचं वय जन्मतारखेवरून महिन्यांतच लिहिते, आणि दोन वर्षांच्या आतल्यांना झोपवूनच मोजते, उभं करून घेतलं तर साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरतं.

मोठ्या मुलांचं गणित वेगळं निघालं. ५ ते १९ वर्षांचा डब्ल्यूएचओचा २००७ चा चार्ट मुख्यतः अमेरिकेतल्या जुन्या आकड्यांवर उभा आहे, आणि त्यात जास्त वजनाची रेघ १९ व्या वर्षी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ ला जाऊन मिळते. आपल्या आयएपीच्या, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, २०१५ च्या चार्टमध्ये (५ ते १८ वर्षं) ती मोठ्या माणसांच्या बीएमआय २३ ला मिळते, कारण दक्षिण आशियाई लोकांच्या अंगात कमी बीएमआयलाच चरबी जास्त असते, पोटाभोवती तर जास्तच, आणि डायबेटिसचा धोकाही लवकर सुरू होतो. शिवाय हा चार्ट करताना फार जाड मुलांचे आकडे बाजूला काढलेत, नाहीतर जाडपणाच नॉर्मल ठरला असता. हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

बारावीचा एक मुलगा, वय १७, उंची १६८, वजन ६६.५, बीएमआय साडेतेवीसच्या आसपास. डब्ल्यूएचओवर नॉर्मल, आयएपीवर जास्त वजन. त्याच्या वडिलांना डायबेटिस आहे हे त्यानंच सांगितलं, मग मी आयएपीचाच निकाल धरला आणि त्याला शुगर तपासायला पाठवलं.

मॅडमना दोन्ही चार्ट शेजारी ठेवून दाखवले, त्या बराच वेळ बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, पाचपर्यंत डब्ल्यूएचओ, पुढे आयएपी, लिहून टाक. आता रजिस्टरला प्रत्येक पानावर वरच चार्टचं नाव असतं, म्हणजे पुढच्या वेळी वजन घेणारी दुसरी कुणी असली तरी त्याच चार्टवर ठिपका देईल आणि मूल वर चाललंय की खाली ते दिसेल.