आमची वाटचाल : पत्र्याखालचं ऑफिस आणि पहाटे तीनचा बर्फ

आमचं सहलींचं ऑफिस सोलापुरात, दहा बाय बाराचं, वर पत्रा. एप्रिलच्या दुपारी टेबलाला हात लावला तर चटका बसतो. त्याच टेबलावर बसून आम्ही हिमाचलातल्या स्की टूरचा बेत आखतो, हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "तिकडं घसरायला जाऊन मिळतं काय ओ तुम्हाला?"

पैशाचं म्हणाल तर फार काही नाही. घर चालतं ते उन्हाळी ट्रेकवर आणि शाळांच्या सहलींवर. स्कीची टूर वर्षातून एकदाच, तीही सहा माणसांची. पण धंदा कसा करायचा हे आम्हाला शिकवलं ते या एका टूरनं, म्हणून वाटचाल सांगायची तर तिचीच सांगतो.

सुरुवात बस ठरवून देण्यापासून झाली. पुढं मनालीचे ट्रेक लागले. तिथल्या एका गाइडनं, त्याला आम्ही सगळे भाईजी म्हणतो, पहिल्यांदा स्की टूरिंग दाखवलं. यात डोंगरावर नेणारी लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला 'स्किन' म्हणजे केसाळ पट्टी चिकटवायची. केस एकाच दिशेला असल्यामुळं स्की पुढं सरकते, मागं येत नाही. टाच मोकळी ठेवून चालत चढायचं, वर गेल्यावर पट्टी सोलून काढायची, टाच अडकवायची आणि खाली यायचं. चार तास चढ आणि अर्धा तास उतार. सोलापूरच्या व्यापाऱ्याला हा हिशेब पटवणं म्हणजे कठीणच.

पहिली टूर आम्ही २०१९ च्या मे महिन्यात काढली. का? तर मुलांच्या शाळेला सुट्टी! आजवर सगळ्या सहली आम्ही शाळेचं कॅलेंडर बघून आखल्या होत्या, हीपण तशीच आखली. जाऊन बघतो तर बर्फ वर सरकलेला. दोन तास स्की खांद्यावर घेऊन दगडधोंड्यांतून चाललो. वर पोचलो तेव्हा बर्फ ओल्या साखरेसारखा, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. वीस मिनिटं स्की केली असेल. नाकाची सालं मात्र आठवडाभर निघत होती.

भाईजी तेव्हा रागावून म्हणाला होता ते आता आमच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे, पण माझ्या शब्दांत: तारीख बर्फाला विचारायची, हेडमास्तरांना नाही.

नंतरची दोन वर्षं कोरोनानं खाल्ली. त्यावर काय लिहायचं, सगळ्यांचं तेच झालं.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. ऑक्टोबर २०२० मध्ये मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाला, सुमारे नऊ किलोमीटरचा. आधी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की पलीकडचं लाहौलचं खोरं रस्त्यानं जवळपास तुटायचं, ते वाट मोकळी होईपर्यंत. आता मार्चमध्ये मनालीत नाष्टा करून गाडीनं बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला जाता येतं. अर्थात बर्फ पडत असला किंवा हिमस्खलनाची भीती असली की वाहतूक थांबवतात, म्हणून आमच्या वेळापत्रकात दोन दिवस कोरे ठेवलेले असतात. गिऱ्हाईक म्हणतं, हे दोन दिवस कशाचे पैसे घेता? त्याचेच घेतो.

वसंतातल्या बर्फाचं गणित मला समजायला दोन सीझन लागले. दिवसा ऊन वरचा थर वितळवतं. रात्री आकाश निरभ्र असलं की उष्णता वर निघून जाते आणि तोच थर दगडासारखा गोठतो. सकाळी ऊन लागलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात. ते एक-दोन तास म्हणजे स्कीवाल्याची दिवाळी. त्याच्या पुढं बर्फ खोलपर्यंत ओला होतो आणि उतारावरचा बर्फ सुटून खाली यायला लागतो. म्हणून निघायचं पहाटे तीनला, डोक्याला दिवा बांधून. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात आणि नेमके तेच उतार स्कीला गोड लागतात. ऑफिसमध्ये आम्ही नकाशावर असे उतार लाल करतो आणि प्रत्येकासमोर घड्याळाची वेळ लिहितो: इथून नऊच्या आत बाहेर, इथून साडेदहा. डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज बघतो, पण तो जिल्ह्यासाठी असतो. आपल्या पायाखालचा उतार आपणच बघायचा.

माणसं तयार करणं हे दुसरं काम. ज्याला स्की येत नाही त्याला आम्ही थेट नेत नाही. आधी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत नाहीतर गुलमर्गच्या आयआयएसएम या स्की शिकवणाऱ्या संस्थेत कोर्स करून ये म्हणतो. यात निम्मी गिऱ्हाईकं गळतात. दमाची परीक्षा मात्र इथंच होते. सोलापुरात चढ म्हणजे उड्डाणपूल, पण कोजागरीला तुळजापूरची पायी वाट आहे ना! रात्रभर पंचेचाळीस किलोमीटर चालून जो सकाळी घाटात हसत चढतो, त्याचं नाव यादीत पक्कं.

बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचा सराव आम्ही कुठं करतो सांगू? मोहोळच्या बाजूला एका मित्राच्या शेतात, ज्वारीच्या भुसकटात. बीकन नावाचं यंत्र प्रत्येकाच्या छातीला असतं, ते ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देतं. एक बीकन डब्यात घालून ढिगात पुरायचा, मग बाकीच्यांनी बाण आणि आकडा बघत जवळ जायचं, सळईनं टोचायचं, फावड्यानं उपसायचं. बर्फात दहा-पंधरा मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्यानं उतरते, म्हणून मी घड्याळ लावून उभा राहतो. पहिल्या वर्षी बावीस मिनिटं लागली. मित्राचे वडील बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "एवढ्यात आमची म्हस सापडली असती."

आता आमची सगळ्यात महागडी चूक. २०२२ ची टूर छान झाली आणि आल्यावर सगळ्या स्किन नीट घड्या घालून माळ्यावर ठेवल्या. पत्र्याखालच्या माळ्यावर! सोलापूरचा अख्खा उन्हाळा त्यांनी तिथं काढला. पुढच्या मार्चमध्ये पहिल्याच चढानंतर स्किन सोलली, तर पट्टी हातात आणि गोंद स्कीच्या तळाला, बाभळीच्या डिंकासारखा तारा काढत. त्यावर बर्फ चिकटला, स्की जागची हलेना. सहा माणसांच्या बारा स्की आम्ही बर्फात बसून खरवडल्या. एक दिवस वाया गेला, स्किनचे पैसे गेले ते वेगळेच. तेव्हापासून ऑफिसात जुना फ्रिज आहे. खालच्या कप्प्यात स्किन, वर ताकाची बाटली.

सामान न्यायची कटकटही सोलापूरनंच सोडवली. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारागिरानं जाड कापडाच्या दोन मीटरच्या पिशव्या शिवून दिल्या. कर्नाटक एक्सप्रेसमध्ये त्या वरच्या बर्थवर आडव्या टाकतो. खाण्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चॉकलेट थंडीत दगड होतं, कडक भाकरी मुळातच कडक, तिला थंडी काय करणार? भाईजी आता आधीच फोन करून विचारतो, चटणी किती आणताय.

मागच्या टूरची एक गोष्ट मला अजून टोचते. मुख्य चढाईच्या रात्री ढग आले. तीनला बाहेर येऊन भाईजीनं काठी बर्फात टेकवली, ती सरळ आत गेली. रात्री गोठलंच नव्हतं. आम्ही निघालो नाही. दुपारपर्यंत सगळे तंबूबाहेर बसून तो उतार बघत राहिले आणि उतार जागचा हलला नाही, एक ढेकूळसुद्धा नाही. एकानं परत आल्यावर अर्धे पैसे मागितले. मी दिले नाहीत. त्यानं सोलापूरभर सांगितलं की यांनी आम्हाला बर्फ लांबून दाखवला. बुकिंगच्या फॉर्मवर आता मोठ्या अक्षरात मराठीत छापलंय: काठी आत गेली तर मागं फिरणार, पैसे परत मिळणार नाहीत. त्याखाली सही घेतो.

काल एका बाईंचा फोन आला. "दादा, ती बर्फावरची सहल मेमध्ये जमंल का? पोरांना सुट्टी हाय." मी म्हटलं, ताई, मेमध्ये ट्रेकचं बघू. फोन ठेवला आणि फ्रिजमधलं ताक काढलं.