आर्ड्रॉइलच्या वाळूतला राजा

गाडीचं दार वाऱ्याने हातातून हिसकावलंच. समोर गवतावर भलामोठा लाकडी राजा बसलेला, मांडीवर तलवार आडवी. भोवती मेंढ्या, पुढे मैलभर पांढरी वाळू, आणि माणूस एक नाही.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचा हा आर्ड्रॉइलचा किनारा. १८३१ साली याच ऊइग भागातल्या वाळूत बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या. बहुतेक वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यातून कोरलेल्या, बहुधा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या. गवतावरचा लाकडी राजा ही त्यातल्याच एकाची मोठी नक्कल; मूळ राजा जेमतेम चार इंच. मुठीत मावेल असा.

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या उल्लापूलहून बोटीने लुईसवरचं स्टॉर्नोवे गाव अडीच-पावणेतीन तास. गाडी न्यायची तर उन्हाळ्यात तिकीट आधीच काढा. पुढे ऊइगपर्यंत तासभर, शेवटी शेवटी एकेरी रस्ता. समोरून कोणी आलं की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं, आणि हात वर करायला विसरायचं नाही.

आमची चूक म्हणजे शनिवारी रात्री पोचलो. इथे रविवार कडक पाळतात. म्युझियम बंद, दुकानं बंद. दुपारचं जेवण म्हणजे पार्ले-जी आणि थर्मासमधला चहा. तुम्ही शनिवारीच डबा आणि पेट्रोल भरून ठेवा.

मंगळवारी स्टॉर्नोवेतल्या लूज कॅसलमधल्या म्युझियममध्ये गेलो. तिथे सहा अस्सल सोंगट्या आहेत, प्रवेश फुकट. उरलेल्यांपैकी ११ एडिंबरोत, बाकी जवळपास सगळ्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. लंडनला आधी गेलो होतो तेव्हा आमचा मुलगा काचेला नाक लावून म्हणाला होता, "बाबा, हत्ती कुठाय?" आजोबांकडून शिकलेला, त्यामुळे त्याच्या डोक्यात उंट-हत्तीच. इथे हत्तीच्या जागी शिपाई, आणि त्यातले काही चक्क ढाल दातांत धरून चावतायत! उंटाच्या जागी बिशप. वजिराच्या जागी राणी, गालाला हात लावून बसलेली. पोरगं परीक्षेला गेलंय आणि आई घरी वाट बघतेय, अगदी तसा चेहरा. प्यादी मात्र नुसते मैलाचे दगड.

घरी परतल्यावर माळा नक्की धुंडाळा. १९६४ साली एडिंबरोतल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पाच पौंडांना घेतलेला असाच एक शिपाई त्याच्या घरच्यांकडे वर्षानुवर्षं खणात पडून होता. २०१९ मध्ये लिलावात तो ७,३५,००० पौंडांना गेला.

जमलं तर आधी म्युझियम बघा, मग किनारा. आम्ही उलट केलं, त्यामुळे लाकडी राजासमोर नुसते फोटो काढत बसलो. त्याच्या पाठीवरच्या वेण्या बघायच्या राहूनच गेल्या.