पांढरा आकडा हिरवा होईपर्यंत: ओल्ड स्कूल रूनस्केपमधले माझे सहा आठवडे

मंडळी, सहा आठवड्यांपूर्वी ठरवलं होतं की ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये काहीही होवो, एक कोटी जीपी (गेममधली नाणी) जमवायचेच. कोटीच का, तर ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीच आहे, कॉइन्सच्या स्टॅकवरचा आकडा लाखाच्या आत पिवळा असतो, लाखाला पांढरा होतो आणि ९९९९के (के म्हणजे हजार) च्या पुढे गेला की हिरव्या अक्षरात १०एम येतं. १०एम म्हणजे बरोबर आपला एक कोटी. माझ्या अकाउंटवर हिरवा आकडा आजवर कधी आलाच नव्हता, आला की लगेच काहीतरी घेऊन मोकळा असं पण नाही, तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

सुरुवातीला हातात होते २ लाख ८४ हजार. लेव्हल म्हणाल तर फार्मिंग ४१, मॅजिक ६१, स्लेअर (नेमून दिलेले राक्षस मारायचं कौशल्य) ७३, मेंबरशिप चालू. पहिल्या दिवशी फक्त बँक साफ केली. जुनी आर्मर, क्वेस्टमधून उरलेलं सामान, वर्षभर कोपऱ्यात पडलेले लॉग्ज, कातडी, सगळं ग्रँड एक्स्चेंजवर (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) टाकलं तर ३ लाख ४० हजार निघाले. म्हणजे भांडवल झालं सव्वासहा लाख. ज्यांना "माझ्याकडे पैसेच नाहीत, सुरू कुठून करू" असं वाटतं त्यांनी आधी बँकेचे सगळे टॅब उघडून बघा, खरंच सांगतो.

मग हर्ब रन, म्हणजे ठिकठिकाणच्या पॅचवर (शेतीच्या वाफ्यांवर) फिरून हर्ब, म्हणजे औषधी वनस्पती, तोडायच्या आणि पुन्हा लावायच्या. यावर जरा जास्त लिहिणारे कारण माझ्या कोटीतला मोठा वाटा इथून आलाय. हर्बला वाढायला ८० मिनिटं लागतात, वीस-वीस मिनिटांच्या चार पायऱ्या, आणि तुम्ही लॉगआउट असलात तरी ती वाढतच असते. मी पाच पॅच धरले, फॅलाडोर, कॅथर्बी, आर्डॉइन, पोर्ट फॅस्मॅटिस आणि होसिडियस. तिथे पोचायला टेलिपोर्टच्या वस्तू वापरल्या, फॅलाडोरला एक्सप्लोरर्स रिंग, फॅस्मॅटिसला एक्टोफायल, होसिडियसला झेरिकचा टॅलिस्मन, आर्डॉइनला क्लोक घालून मॉनेस्टरी आणि तिथून वर पळत, कॅथर्बीला कॅमलॉट टेलिपोर्ट आणि पुन्हा पळत. पहिल्या दिवशी एका फेरीला साडेनऊ मिनिटं लागली, आता सव्वापाचमध्ये होते. फरक कशाने पडला तर सामान कमी नेण्याने. कुदळ, डिबर (बी पेरायचं अवजार), मॅजिक सेकेटर्स (कात्री) हे सगळं पॅचपाशी उभ्या असलेल्या टूल लेप्रेकॉनकडे ठेवून देता येतं, दरवेळी बँकेतून काढायची गरजच नाही, आणि तोडलेली हर्ब त्याच्यावर वापरली की तो नोट (एकाच जागेत कितीही मावणारी पावती) करून देतो, म्हणजे इन्व्हेंटरीत अख्ख्या पिकाला एक जागा पुरते. हे मला पहिले चार दिवस माहीत नव्हतं आणि मी प्रत्येक पॅचनंतर बँकेत जात होतो.

बियाणं रॅनार या हर्बचं, फार्मिंग ३२ लेव्हलला लावता येतं. रॅनारच का ते पण सांगतो. रॅनार आणि स्नेप ग्रासचं प्रेयर पोशन होतं आणि प्रेयर पोशन बॉस मारणाऱ्यांपासून स्लेअरवाल्यांपर्यंत सगळे पाण्यासारखं पितात, त्यामुळे गिऱ्हाईक कायम असतं. टोडफ्लॅक्स पण वाईट नाही, सॅराडोमिन ब्रू मध्ये जातं, पण माझ्या वहीत रॅनारच पुढे राहिलं.

आता खतावर पैसे वाचवू नका ही कळकळीची विनंती. पीक तोडताना पॅचला ठरावीक "लाइफ" असतात, खत नसेल तर ३, साधं कंपोस्ट ४, सुपर ५, अल्ट्रा ६. प्रत्येक वेळी हर्ब तोडली की एक लाइफ जाते किंवा वाचते, ती वाचण्याची शक्यता फार्मिंग लेव्हलवर असते आणि मॅजिक सेकेटर्सने ती अजून १० टक्के वाढते. म्हणजे अल्ट्रा टाकलं तर पीक जगल्यावर सहा हर्ब पक्क्या, त्याच्यावर जे येईल ते नशीब आणि लेव्हल. एकदा होसिडियसला मी उभा होतो, सहावी आली, आठवी आली, दहावी आली, कॅरेक्टर वाकतंय आणि तोडतंय, मी स्क्रीनला हात पण लावत नव्हतो, एकूण पंधरा निघाल्या. आणि त्याच रनमध्ये कॅथर्बीचं पीक मेलेलं होतं, कुदळीने उपटून टाकलं. असं होतंच, अल्ट्राने रोग खूप कमी होतो पण पूर्ण जात नाही.

मी वहीत रोज लिहायचो, किती बिया, किती हर्ब, कितीला विकल्या, किती मिनिटं बसलो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ११ लाख, दुसऱ्याच्या शेवटी २४. दिवसाला तीन रन, कधी चार, एका रनला खर्च वजा जाता साधारण ६० हजार सुटत होते. ६० हजार ऐकून हाय लेव्हलवाले म्हणतील हे काय, पण पाच-सहा मिनिटांचं काम आहे हे बघा ना. सगळे "तासाला किती" विचारतात आणि मग तासाला जास्त देणारी पद्धत शोधत बसतात जिच्यासाठी लागणारं गिअर आपल्याकडे नसतं. मी प्रश्न असा ठेवला की मी प्रत्यक्ष खुर्चीत किती वेळ होतो आणि त्याचे किती आले. तसं बघितलं तर माझ्या लेव्हलला हर्ब रनच्या जवळपास पण काही येत नव्हतं, फक्त ते दिवसभर सलग करता येत नाही एवढंच.

एक गोष्ट इथे ठासून सांगायची आहे. स्लेअर करताना रॅनारच्या काही बिया ड्रॉपमध्ये मिळाल्या होत्या, त्या लावल्या तेव्हा मी वहीत खर्च शून्य लिहिला आणि त्या दिवशीचा नफा एकदम भारी दिसला. नंतर लक्षात आलं की हे चूक आहे, त्या बिया मी तशाच विकल्या असत्या तर तेवढे पैसे हातात आलेच असते ना, म्हणजे लावली तेव्हा तेवढी किंमत जमिनीत गेलीच. तेव्हापासून फुकट मिळालेली बी पण त्या दिवसाच्या भावाने खर्चात धरतो. स्वतः खणलेलं ओअर, स्वतः तोडलेले लॉग्ज, सगळ्यांना हाच नियम लावा, मग खरा नफा कळतो.

तिसरा आठवडा वाईट गेला. २४ लाख हातात आल्यावर वाटलं आता फ्लिपिंग (स्वस्तात घेऊन महाग विकणं) करू. पद्धत सगळ्यांना माहितीये, एक नग मुद्दाम महाग भावाने घ्यायचा म्हणजे लगेच मिळण्याचा भाव कळतो, मग तोच नग मुद्दाम स्वस्त टाकायचा म्हणजे लगेच विकला जाण्याचा भाव कळतो, मधलं अंतर म्हणजे मार्जिन. एक्स्चेंजवर जी ऑफर आधी लागलेली असते तिच्या भावाने सौदा होतो आणि जास्तीचे पैसे परत येतात म्हणून ही तपासणी चालते. माझी तपासणी बरोबर होती पण मी टॅक्स नीट धरलाच नाही. विक्रीवरचा टॅक्स डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा १ टक्का होता, मे २०२५ पासून २ टक्के आहे, आणि माझ्या डोक्यात जुना १ टक्काच बसलेला. हिशोब करून बघा, १,००,००० ला घेतलं आणि १,०१,५०० ला विकलं तर वाटतं दीड हजार सुटले, पण टॅक्स जातो २,०३०, हातात येतात ९९,४७०, म्हणजे ५३० चा तोटा. आणि मी अशाच मार्जिनचे, पण स्वस्तातले नग शेकड्याने घेतले होते, एकाच पोशनमध्ये २० लाख अडकवले. त्यात दोन दिवसांत भाव खाली आला, मी थांबायला हवं होतं पण धीर सुटला आणि सगळं लगेच-विक्रीच्या भावाने काढून टाकलं. अडीच लाख गेले. म्हणजे चार रनचे पैसे, वीसएक पॅचची मेहनत.

फ्लिपिंग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, ज्यांना जमतं त्यांना छान जमतं. पण २ टक्क्यांपेक्षा मार्जिन चांगलं मोठं हवं आणि एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त एका वस्तूत घालायचं नाही, हे मी आता पाळतो. आठवडा संपला ३३ लाख ५० हजारांवर, तोही हर्बमुळेच.

(याच आठवड्यात एक्स्चेंजपाशी एकजण "पैसे डबल करून देतो" म्हणत ट्रेड पाठवत होता, पहिल्यांदा दहा हजाराचे खरंच वीस देतो मग मोठी रक्कम मागतो. नवीन असाल तर सरळ नाही म्हणा आणि रिपोर्ट करा.)

चौथ्या आठवड्यात अल्क, म्हणजे वस्तूची नाणी करून देणारा जादूचा मंत्र. हाय लेव्हल अल्केमी ५५ मॅजिकला मिळते, एक नेचर रून आणि पाच फायर रून (जादूसाठी खर्च होणारे दगड) लागतात, स्टाफ ऑफ फायर हातात असेल तर फायरचा खर्च नाही. वस्तूच्या मूळ किमतीच्या ६० टक्के मिळतात, म्हणजे रून प्लेटबॉडीचे (रून धातूचं छातीचं चिलखत) ३९,००० ठरलेले, आज पण आणि उद्या पण. त्यामुळे ती प्लेटबॉडी ३९,००० वजा नेचर रूनच्या किमतीपेक्षा खाली मिळाली की फरक आपला, आणि अल्कवर टॅक्स नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण इथे दुसरी अडचण येते. एका कास्टला तीन सेकंद, म्हणजे तासाला १,२०० कास्ट होऊ शकतात, आणि प्लेटबॉडीची खरेदी मर्यादा आहे चार तासाला ७०. सत्तर प्लेटबॉडी साडेतीन मिनिटांत संपल्या! म्हणून मी एक्स्चेंजच्या आठही स्लॉटमध्ये वेगवेगळ्या वस्तू लावून झोपायचो, प्लेटलेग्ज, टू-हँडेड, फुल हेल्म, जे काय शंभर-दोनशे जीपी सोडेल ते, सकाळी उठून जे भरलंय ते घ्यायचं आणि हर्बच्या वाटेवर टेलिपोर्टच्या मधे मधे अल्क मारत जायचं. वेगळा वेळ असा दिलाच नाही. यातून ३ लाख आले आणि मॅजिक ६५ झालं. आकडा ४८ लाख ५० हजार.

पाचव्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. माय आर्म नावाच्या ट्रोलची क्वेस्ट संपवली, त्याने ट्रोल स्ट्राँगहोल्डच्या गच्चीवरचा पॅच उघडला आणि त्या पॅचला रोगच लागत नाही. सहावा पॅच आणि तोही कधी न मरणारा, ज्यांनी ही क्वेस्ट मागे ठेवलीये त्यांनी आजच करा.

आणि स्लेअर ७५ झालं, म्हणजे आता गार्गॉइल्स (दगडी राक्षस) मारता येणार! टास्क मिळाला तेव्हा रॉक हॅमर घेऊन स्लेअर टॉवरला गेलो. जीव अगदी थोडा उरला की हातोडा मारावा लागतो नाहीतर तो मरतच नाही, सुरुवातीला दोनदा उशीर झाला मग हाताला सवय झाली. गार्गॉइलचं चांगलं काय आहे तर ड्रॉप जवळपास सगळे अल्क करण्यासारखे. रून फुल हेल्म पडलं की तिथेच अल्क, २१,१२० खिशात. रून प्लेटलेग्ज पडले की ३८,४००. जमिनीवर पडलेलं उचलायचं, कास्ट करायचं, पुढच्याला मारायला लागायचं, बँकेत जायचंच नाही, आणि कॉइन्सचा स्टॅक डोळ्यासमोर वाढत जातो. मला या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त मजा इथे आली. टास्कच्या मधे ८० मिनिटं झाली की टेलिपोर्ट, हर्ब रन, परत टॉवर. हर्बचे १४ आणि गार्गॉइलचे १४, आठवड्याच्या शेवटी ७६ लाख ५० हजार. ग्रॅनाइट मॉल हा मोठा हातोडा २५६ गार्गॉइलमध्ये एक असतो, मला अजून नाही पडला.

सहावा आठवडा तसाच, नवीन काही नाही, गार्गॉइलचा दुसरा टास्क मिळाला हे नशीब. शनिवारी रात्री बँकेत होते ९८ लाख ७० हजार आणि एक्स्चेंजवर रॅनारचे दोन ढीग विकायला लागलेले. ते विकले जात नव्हते, मी भाव कमी न करता तसाच ठेवला आणि झोपलो, तिसऱ्या आठवड्यात हेच करायला हवं होतं. सकाळी लॉगिन केलं, दोन्ही स्लॉटची पट्टी पूर्ण हिरवी. कलेक्ट केलं, बँकेत टाकलं, सगळं परत काढलं. हिरव्या अक्षरात १०एम. नेमका आकडा १,०४,१२,६५३. स्क्रीनशॉट काढला आणि बराच वेळ नुसता बघत बसलो.

आता पुढचं. फार्मिंग आज ५९ आहे, ६२ झालं की स्नॅपड्रॅगन लावता येईल, ते सुपर रिस्टोर पोशनमध्ये जातं त्यामुळे मागणी पक्की आहे, पण बी महाग म्हणून एक पॅच मेला की जास्त लागतं. माझा विचार असा की पहिले काही दिवस स्नॅपड्रॅगन फक्त ट्रोल स्ट्राँगहोल्डला आणि बाकी पाच ठिकाणी रॅनारच, दोन्हीचा हिशोब वहीत शेजारी शेजारी ठेवायचा. मेकिंग फ्रेंड्स विथ माय आर्म ही क्वेस्ट पण करायला घेतोय, तिने उघडणारा वाइसचा पॅच सुद्धा न मरणारा आहे. कुणी ६२ च्या आसपास असताना स्नॅपड्रॅगन लावून बघितलं असेल तर पॅचला सरासरी किती निघाल्या तेवढं नक्की सांगा, अल्ट्रा आणि सेकेटर्स धरून. बिया मी कालच घेऊन ठेवल्यात, सहा रनच्या, त्यामुळे आकडा सध्या परत पांढरा आहे.