गोलाईतले आप्पा आणि अण्णांची ‘जनता’

लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकाच्या तोंडाशी आप्पांचं घड्याळाचं दुकान होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या लातूरकरांनी ओळखलंच असेल. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्यामागे आप्पा, डोळ्याला भिंग लावून. आत थोरला मुलगा हिशेब बघायचा. गिऱ्हाईक आलं की भिंग कपाळावर सरकायचं आणि पहिला प्रश्न, “चहा घेणार का?”

एचएमटीच्या घड्याळांची तेव्हा टंचाई. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं कारखाना निघाला, तरी लग्नसराईत ‘कांचन’ मिळवायची म्हणजे नवरदेवाच्या मामाला वशिला लावावा लागे. आप्पांकडे वशिला चालत नसे. लाल कापडी बांधणीच्या वहीत नाव, गाव आणि लग्नाची तिथी लिहायची, घड्याळं आली की तिथीच्या क्रमानं निरोप जायचा. एका पुढाऱ्यालासुद्धा त्यांनी वही उघडून दाखवली होती म्हणे. ही गोष्ट गोलाईत इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की पुढारी कोण, हे आता कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

आमचे अण्णा औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी. त्यांच्या हातात एचएमटीचीच ‘जनता’, सतरा ज्वेलची (म्हणजे आत सतरा खडे बसवलेली), रोज सकाळी चावी द्यायची. एकदा ती दिवसाला अर्धा तास पुढं पळायला लागली. दुसऱ्या एका दुकानानं मशीन गेलंय, नवीनच घ्या म्हणून सांगितलेलं. अण्णा मला घेऊन आप्पांकडे गेले. आप्पांनी घड्याळ उघडायच्या आधी एक छोटं होकायंत्र काढून त्यावर धरलं. सुई थरथरली.

“गुरुजी, रात्री कुठं ठेवता?”

“रेडिओवर.”

“मग बराबर हाय. स्पीकरमधलं लोहचुंबक लागलंय तिला.”

मग त्यांनी मला जवळ बोलावून भिंगातून दाखवलं. केसाहून बारीक स्प्रिंग, तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले. वेढे चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते, चाक लवकर झोके घेतं, काटे पळतात. विजेवरच्या एका यंत्रावर घड्याळ धरून त्यांनी ते हळूहळू लांब नेलं. परत सुईजवळ धरलं, सुई गप्प. पैसे विचारल्यावर म्हणाले, “कशाचे? उघडलं कुठं मी?” नवीन घड्याळ विकायची संधी समोर चालून आलेली असताना!

दहावी झाल्यावर मला तिथूनच घड्याळ मिळालं. माझं मनगट म्हणजे काडी. आप्पांनी पट्ट्याला दोन जास्तीची भोकं पाडली आणि वर बजावलं, “हात भरला की ये, पट्टा बदलून देतो.”

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. पुढचे कित्येक महिने त्या भागातले लोक मातीनं भरलेली घड्याळं फडक्यात बांधून आणायचे. घरातल्या माणसाचं घड्याळ, एवढंच सांगायचे. काहींची यंत्रं गंजून गेलेली, ती चालणं शक्यच नव्हतं. अशांचीही केस आप्पा स्वच्छ करून, काच बदलून, कागदात गुंडाळून हातात देत. या कामांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. याबद्दल दुकानात कुणी बोललेलं त्यांना आवडत नसे.

आता आप्पा नाहीत. एचएमटीच्या घड्याळांचा कारखानाही २०१६ साली बंद करायचं ठरलं. परवा माझ्या मुलाचं मोठ्या शोरूममधून घेतलेलं महागडं घड्याळ बंद पडलं. काउंटरवरच्या पोरानं ते हातातही न घेता तक्रार नोंदवायचा नंबर दिला. नंबरावर मला एक दाबा, दोन दाबा.

आप्पांचा नातू गोलाईतच बसतो, मोबाईलची कव्हरंही विकतो. जुने सुटे भाग मात्र त्यानं टाकलेले नाहीत. अण्णांच्या ‘जनता’ची चावी सैल झालीय, म्हणून फोन केला तर म्हणाला, “काकू, कुरिअर नका करू, सुटीत याल तेव्हा घेऊन या. बघितल्याबिगर काय सांगू?”