नाचणारं व्हायोलिन

व्हायोलिन शिकवते म्हटल्यावर लोक आवडता वादक विचारतात. मी मायकल कोलमन म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला: "आपले जोग, दातार असताना हा कोण?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

जोग-दातार काही सुटलेले नाहीत. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकतच मी मोठी झाले. पण कोलमनचं व्हायोलिन नाचतं; तो आयरिश नाचाच्या धुना वाजवायचा. आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यात १८९१ साली जन्मलेला हा माणूस स्वतः चांगला नाचायचा. १९१४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि त्याच्या सगळ्या गाजलेल्या तबकड्या न्यूयॉर्कला निघाल्या.

आपण गजानं, म्हणजे व्हायोलिनच्या काठीनं, स्वर लांबवतो, मींड घेतो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. तो स्वर तोडतो. मनगटाच्या तीन बारीक झटक्यांत एकाच स्वराचे तीन तुकडे, थेट नाचणाऱ्याच्या बुटाची टकटक! मी ते झटके कितीतरी महिने घासतेय. मनगट जरा आवळलं की नुसती खरखर होते. बोटांची त्याची गिरकी मात्र आपल्या मुरकीला, म्हणजे स्वरांच्या झटपट वळणाला, जवळची, म्हणून ती मला लवकर सापडली. आणि धून छोटी, दोन-तीन भागांची, तरी ती परत वाजवताना तो काहीतरी बदलतोच. काही तबकड्यांत साथीचा पियानो भलतेच स्वर दाबत असतो, तिकडे दुर्लक्ष करायचं.

या तबकड्या आयर्लंडला पोहोचल्या आणि गावोगावची पोरं त्याच्यासारखं वाजवू लागली. त्यात कितीतरी गावांची आपापली ढब मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. त्याचा भाऊ जिम त्याच्याहूनही सरस होता म्हणतात. जिमची एकही तबकडी नाही.

ऐकायचं तर १९३४ ची तबकडी ऐका: 'टारबोल्टन', 'लाँगफर्ड कलेक्टर', 'सेलर्स बॉनेट', तीन रील एकापाठोपाठ, जेमतेम तीन मिनिटांत. रील म्हणजे चारच्या लयीतली जलद नाचाची धून. पहिलीचे स्वर आपल्या काफी थाटाचे, म्हणजे गंधार आणि निषाद कोमल. तिसरीत स्वर तेच राहतात, षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', फक्त एक पायरी खाली, कोमल निषादावर येऊन बसतो आणि बिलावल, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचा थाट, उघडतो. आपण याला मूर्च्छना म्हणतो. गज न थांबवता तो तिथे पोहोचतो, तेव्हा खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं. मी तेवढी जागा रोज दोनदा तरी ऐकते.