छापा की काटा

माझ्याकडे आर्केडची, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरची, 42 टोकनं आहेत. व्हिडिओ गेमच्या मशीनमध्ये नाण्याच्या जागी टाकतात ना त्या पितळी चकत्या, त्याच. इतकी वर्षं ती एका काचेच्या बरणीत होती आणि तिथे सुखात होती असं आता वाटतंय, पण एक दिवस डोक्यात किडा वळवळला की हे असं बरणीत काय ठेवायचं, मस्त फ्रेम करू, भिंतीवर लावू, आल्यागेल्याला दिसेल. आल्यागेल्याने आजवर कधी विचारलं नव्हतं हा भाग वेगळा.

फ्रेम आणली, आतला बोर्ड कापला, टोकनं ओळीने मांडली आणि तिथेच अडले. कुठली बाजू वर? फोटोला मागची बाजू नसते, सर्टिफिकेटलाही नसते, पण टोकनाला असते आणि बऱ्याचदा खरी गंमत तिथेच असते. छाप्याला आर्केडचं नाव, नाहीतर एखादं रॉकेट, मुकुट, तारा असलं काहीतरी, आणि पुष्कळ टोकनांच्या काट्याला लिहिलेलं असतं ‘नो कॅश व्हॅल्यू’. मला हे तीन शब्द फार आवडतात. आपली किंमत शून्य आहे हे स्वतःच्याच पाठीवर कोरून फिरणारं दुसरं कोण आहे?

अर्थात शून्य आपल्यासाठी. मालकासाठी ही चकती म्हणजे सोय होती. खरं नाणं खिशात राहिलं तर तुम्ही ते कुठेही खर्च करणार, टोकन राहिलं तर एकतर परत इथेच यायचं नाहीतर ते घरी पडून, आणि पैसे तर त्याला आधीच मिळालेले. शिवाय भाव वाढवायचा तर मशीनला हात लावायला नको, नोटेला चाराऐवजी तीन टोकनं द्यायची, झालं काम.

नोलन बुशनेल या माणसाने हे सगळं जवळून बघितलं असणार. 1972 साली त्याच्या अटारी कंपनीच्या पाँग या व्हिडिओ गेमचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये लावलं होतं, ते थोड्याच दिवसात बंद पडलं, उघडून बघतात तर बिघाड वगैरे काही नाही, आत नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. त्याच बुशनेलने पुढे 1977 मध्ये सॅन होजेला पिझ्झा टाइम थिएटर काढलं, चक ई. चीज नावाचा उंदीर, गेम आणि पिझ्झा एका छताखाली. त्यांच्या टोकनावर अमेरिकन नाण्यावरच्या ‘इन गॉड वी ट्रस्ट’ची फिरकी घेत ‘इन पिझ्झा वी ट्रस्ट’ छापायचे. आता तिथेही टोकनं जाऊन कार्ड आलीयेत. कार्ड फ्रेम करायचं कुणाच्या डोक्यात येईल असं वाटत नाही मला.

असो. तर चिकटवणं. मी स्वतःला फार हुशार समजून बारके बारके लोहचुंबक आणले, म्हणजे कसं, बोर्डाला मागून चुंबक लावायचे, पुढे टोकन, वाटेल तेव्हा काढा आणि उलटा. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे शाळेत शिकलो होतो की! 42 पैकी 3 चिकटली, ती आतून लोखंडी, वरून मुलामा. गंमत म्हणजे जुन्या मशीनच्या तोंडाशीही चुंबकच बसवलेला असायचा. लोखंडाची खोटी चकती त्याला चिकटून तिथेच अडकायची, बाकीच्या धातूंची शेजारून घसरताना जरा मंदावायची, किती मंदावते ते त्या त्या धातूवर, आणि त्या वेगावर ठरायचं की उडी मारून आत जाणार की बाहेर फेकली जाणार. म्हणजे मशीनला कळायचं ते मला कळलं नाही.

मग डबल टेप. लावली फ्रेम भिंतीवर, दोन दिवस ऐटीत बघून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला आतल्या खोलीत ‘टिक’. उठून बघितलं, काही नाही. थोड्या दिवसांनी परत टिक, टिक. सकाळी काचेच्या तळाशी तीन टोकनं एकमेकांवर रेलून बसलेली, आणि वर बोर्डवर त्यांच्या जागी टेपचे काळपट चौकोन. बाकीची काढली तर पाठीवर चिकट थर, तो काढायला घासाघास, आणि घासायलाच बसलेय तर लख्ख करू म्हणून एक टोकन अगदी चकचकीत केलं आणि डोळ्यात पाणी आलं. पितळेवर वर्षानुवर्षं चढलेला तो मधासारखा तपकिरी रंग, रॉकेटच्या पंखांच्या खाचेत साचलेला काळा, सगळं गेलं, हातात आलं बटण. नाणी जमवणारे पॉलिश करू नका म्हणून का ओरडत असतात ते तेव्हा कळलं. एकावर निभावलं हे नशीब. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, कालांतराने हिरवट चिकट थर धरतो, आणि लोकरीचं फेल्ट मागे लावू नका, त्यातल्या गंधकाने धातू काळवंडतो. हे सगळं मी नंतर वाचलं, अर्थातच.

शेवटी जे जमलं ते असं: 2 मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट, तिला टोकनाच्या मापाची भोकं, पुढून काच मागून काच. बहुतेक टोकनं 25 मिलिमीटरच्या आसपास असतात, अमेरिकन क्वार्टरपेक्षा, म्हणजे 25 सेंटच्या नाण्यापेक्षा, केसभर मोठी, त्यामुळे भोकं कापून घेणं सोपं गेलं, दांडगट अशी चार-पाच सोडली तर. गोंद नाही, टेप नाही, दोन्ही बाजू दिसतात. फक्त आता ती भिंतीवर लावता येत नाही, शेल्फवर उभी ठेवावी लागते. आणि एक नवीनच भानगड. काही टोकनं वरून खाली उलटून बघायच्या हिशोबाने घडवलेली असतात आणि काही पुस्तकाच्या पानासारखी बाजूला उलटून, त्यामुळे पुढे सगळी रॉकेटं नाकासमोर सरळ लावली की मागे निम्म्यांची अक्षरं डोक्यावर उभी. मी दोन संध्याकाळी घालवल्या, मग सोडून दिलं.

मधोमध जे आहे ना, त्याच्यावर कडेपासून रॉकेटच्या नाकापर्यंत एक तिरकी चीर आहे. ते टोकन कुठलंच मशीन घ्यायचं नाही. टाकलं की खालच्या खोबणीत खणकन परत. मग सगळे करतात तेच मीही केलं, मशीनच्या पत्र्यावर घासलं आणि परत टाकलं, परत खण, परत घासलं, शेजारच्या मशीनला देऊन बघितलं, तिथेही तेच. मागे मुलं खोळंबलेली. शेवटी खिशात टाकलं आणि घरी आणलं, संग्रहातलं पहिलं ते. बाकीची 41 नंतर मुद्दाम ठेवलेली, म्हणजे हिशोबाने बघितलं तर शेल्फवर माझे 41 न खेळलेले गेम उभे आहेत आणि एक खेळायला गेलेला पण न झालेला.

आमच्याकडे धूळ पुसायची पाळी ज्याची असेल तो फ्रेम उचलतो, पुसतो आणि हाताला येईल तशी ठेवतो, त्यामुळे रोज सकाळी छापा की काटा ते माझ्या हातात नसतं. परवा एक ओळखीचे आले होते. पहिल्यांदाच कुणीतरी त्या फ्रेमसमोर थांबलं. नेमका काटा पुढे. त्यांनी मान एकीकडे वाकडी करून वाचलं, मग दुसरीकडे वाकडी करून उलटी अक्षरं वाचली, आणि म्हणाले, “नो कॅश व्हॅल्यू... अहो, मग मांडून ठेवलंय कशाला?”

मी उठून फ्रेम फिरवली.